विसाचे तीस

ताईच्या स्पोर्ट्स कारबद्दल बाबा दीड वर्षात एकच वाक्य बोलले होते, आणि तेही गाडी घरी आली त्या दिवशी. गाडी दारात उभी होती. ताई चावी बोटावर फिरवत होती. आई बॉनेटवरून असा हात फिरवत होती, जसा तापलेल्या पेशंटच्या कपाळावरून फिरवतात. बाबांनी चष्मा लावला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी थांबले आणि म्हणाले, "खांद्याला ढगळ आहे."

मग ते आत जाऊन पेपर वाचत बसले.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवले. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार, अंगावर बसलेल्या आणि न बसलेल्या. इमारती, पूल, सोफा, एकदा तर एक मांजरसुद्धा त्यांनी "पाठीत ओढतंय" म्हणून नापास केलं होतं. वाईट एवढंच, की ते बहुतेक वेळा बरोबर असतात. गाडीचे मडगार्ड चांगले रुंद, फुगीर, आणि चाकं मात्र आत कुठेतरी अंग चोरून उभी. थोरल्या भावाचा कोट घालून फोटोला उभं केलेल्या मुलासारखी दिसायची ती गाडी. आम्हाला हे आधी कधी दिसलं नव्हतं. बाबांनी सांगितल्यावर दुसरं काही दिसेना.

ताई कवळ्या बनवते. डेंटल लॅबमध्ये आहे. नऊ वर्षांपूर्वी तिने घरात सांगितलं, की मी दुकानात बसणार नाही, मी दातांचं काम शिकणार. तेव्हा बाबा म्हणाले होते, "दात? बरं." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही, फक्त तो "बरं" घरात राहायला आला आणि नऊ वर्षं भाडं न देता राहिला.

गाडीला दोनच सीट. शेजारच्या सीटवर दीड वर्षात आई बसली, मी बसलो, लॅबमधल्या साडेतीनशे कवळ्या बसल्या. बाबा नाही बसले. कधी कंबर, कधी गुडघा, कधी "पँटीला चुण्या पडतील."

मग शिंप्यांच्या संघटनेचं पत्र आलं. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल बाबांचा सत्कार, रविवारी सकाळी अकरा वाजता, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात. जेवताना ताईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी नेते तुम्हाला. माझ्या गाडीतून."

बाबांनी घास संपवला. पाणी प्यायले. "खांद्याला बसली तर बघू."

आमच्या घरच्या हिशेबात याला होकार म्हणतात. ताई भात अर्धा टाकून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आईने मला खूण केली, की जाऊ नकोस. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग लगेच लॅपटॉप सुरू झाल्याचा.

चाक बाहेर काढायचा उपाय तसा सोपा असतो. चाक आणि हब, म्हणजे चाक जिथे बोल्टांनी बसतं तो भाग, यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. चकती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर. ताईला त्यात आणखी एक अडचण होती. तिला जी नवी चाकं आवडली होती त्यांना पाच भोकं, आणि गाडीच्या हबला बोल्ट चार. अशा वेळी अडॅप्टर लागतो. तोही चकतीच, पण एका अंगाला हबचे चार बोल्ट घेतो आणि दुसऱ्या अंगाने चाकाला पाच देतो. दोन भाषा येणाऱ्या नातेवाइकासारखा. एकाच वस्तूत दोन्ही कामं होतात, फक्त जाडी नेमकी हवी.

ताईकडे मिलीमीटरचा शतांश मोजणारं कॅलिपर आहे. ते तिने ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "बाबा, चाक किती बाहेर यायला हवं, जरा बघता का? मला नीट कळत नाहीये."

आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिने तोंडावर पदर घेतला.

बाबांनी गळ्यातली टेप काढली. जमिनीवर कालचा पेपर अंथरला, त्यावर आडवे झाले आणि मडगार्डच्या कडेला खडूने एक बारीक रेघ मारली. चारही चाकांपाशी. अर्धा तास लागला. मग पावतीबुकाची एक चिठ्ठी फाडून त्यावर लिहिलं: पुढे २५, मागे २५. सही केली. त्यांनी आयुष्यात चिठ्ठीवर सही केल्याशिवाय माप दिलेलं नाही.

ती चिठ्ठी ताईने लेथवाल्या काकांकडे दिली. हे काका बाबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या अंगावर कोट बाबांचा आणि आमच्या घरात जे काही धातूचं आणि गोल आहे ते सगळं त्यांचं. दोन आठवड्यांनी चार अडॅप्टर आले, आरशासारखे चकचकीत. नवी चाकं टायरवाल्याने आणून दिली, आणि बदल्यात जुनी चाकं गाडीवरून निघाली की तो लगेच नेणार होता.

शनिवारी दुपारी आम्ही ते बसवायला घेतले.

आमचं गॅरेज म्हणजे तळमजल्यावरचं एक जुनं कोठार. आत जागा भरपूर, दार मात्र चिंचोळं आणि त्याला दोन्ही बाजूंना दगडी चौकट. गाडी आणली त्या दिवशी ताईने कॅलिपर, टेप आणि माझा चेहरा वापरून मोजलं होतं, की आरसे मिटले तर गाडी आत जाते आणि दोन्ही बाजूंना मिळून चौदा मिलीमीटर उरतात. तो आकडा तिने चौकटीवर पेन्सिलने लिहून ठेवला होता. माझा चेहरा मागच्या बाजूला उभा राहून "ये, ये, ये, थांब" म्हणण्यासाठी वापरला होता.

जॅक लावायचं काम माझं. खरं तर माझा या सगळ्याशी संबंध नाही. मी विमा कंपनीत फोन उचलतो आणि "कृपया लाइनवर राहा" म्हणतो. आमच्या घरात ज्याच्या कामात काहीही मोजावं लागत नाही असा मी एकटाच. पण जॅक कुणीतरी लावावा लागतोच.

बाबाही खाली आले. "नुसता बघतो," म्हणाले, आणि दोन मिनिटांनी चाकापाशी बसले होते. ताई एकेक नट काढून त्यांच्याकडे द्यायची आणि ते चाळीस वर्षांच्या सवयीने तो ओठांत धरायचे, टाचणी धरतात तसा. तीन नट तोंडात मावतात हे मला त्या दिवशी कळलं. ताई हब घासून पुसून काढत होती. अडॅप्टर त्यावर असा घट्ट बसला, की तिने डोळे मिटून घेतले. कवळी टाळूला चिकटल्यावर म्हणे असाच आवाज येतो. मग तिने टॉर्कचा पाना काढला. हा पाना शहाणा असतो. जेवढं सांगाल तेवढंच आवळतो आणि मग टक् करून सांगतो, की बास. एकेक नट समोरासमोर, आडव्या-उभ्या क्रमाने. टक्. टक्. बाबा प्रत्येक टक् ला मान हलवत होते. तोंडात नट असल्यामुळे बोलता येत नव्हतं, त्यामुळे दुपार फार छान गेली.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. तिघंही बाजूला उभे राहून बघत होतो. माझ्या मते चाकं जरा जास्तच बाहेर आली होती. मी बाबांकडे पाहिलं. बाबा चाकाकडे बघत होते आणि त्यांचा डावा डोळा बारीक झाला होता. मी ताईकडे पाहिलं. तिने खालचा ओठ दातात धरला होता.

"छान," दोघंही एकदमच म्हणाले, आणि वर निघून गेले.

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ताईने गाडी सुरू केली आणि मागे घेतली. बाबा बाहेर उभे होते. स्वतः शिवलेला राखाडी सूट, बूट आरशासारखे, खिशात रुमाल. आई त्यांच्या पाठीवरचा न दिसणारा दोरा उचलत होती. मी मागे उभा राहून म्हणत होतो, "ये, ये, ये," आणि मग गाडीने आवाज केला.

खर्रर्र.

"थांब," मी म्हणालो.

"आता सांगतोस?" ताई आतून म्हणाली.

मागची दोन्ही चाकं दोन्ही बाजूंच्या दगडाला टेकली होती. एका बाजूला नव्हे, दोन्ही. गाडी इतकी बरोबर मध्यभागी होती, की तिला दोष देता येत नव्हता. ती फक्त दारापेक्षा मोठी झाली होती.

ताईने गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. खर्रर्र. दगडांवर दोन काळे ओरखडे, एकाच उंचीवर, एकाच जाडीचे.

"टायरमधली हवा कमी करू," मी म्हणालो.

हवा कमी केल्यावर टायर खाली बसतो आणि बाजूंना फुगतो. हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पुन्हा हवा भरायला पंधरा मिनिटं गेली, आणि त्या पंधरा मिनिटांत माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

"अडॅप्टर काढ सरळ," बाबा म्हणाले.

"मग चाक कशावर लावू? हबला चार बोल्ट, चाकाला पाच भोकं. जुनी चाकं गेली."

"स्टेपनी?"

"या गाडीला स्टेपनी नसते, बाबा. फेसाचा डबा असतो."

"फेसाचा?"

"पंक्चरमध्ये मारायचा."

बाबांनी फेसाच्या डब्याबद्दल काही मत व्यक्त केलं नाही, पण चेहऱ्यावरून ते वाचता येत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बसने जातो मी. काही बिघडत नाही."

ते सहज म्हणाले. खरंच सहज म्हणाले. पण ताईच्या हातातून चावी खाली पडली आणि तिने ती उचलली नाही. गाडीच्या टपावर कोपर टेकून ती भिंतीकडे बघत राहिली. दीड वर्षात पहिल्यांदाच हा माणूस सूट घालून या गाडीपाशी आला होता, आणि आता बसने जातो म्हणत होता. आज गेले तर पुन्हा येणार नव्हते. त्यांची कंबर होती, गुडघा होता, आणि आता वर "बाहेरच निघत नाही" हेही होतं.

तेव्हा आई पुढे झाली.

आई तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. घरात सगळ्यात कमी बोलते, कारण तिला खात्री असते, की माणसं शेवटी आपणहून कबूल होतात. तिने ताईच्या खिशातून कॅलिपर काढलं. रविवारी ते ताईच्या खिशात होतं हे फक्त आईलाच माहीत होतं. तिने चाक मडगार्डच्या किती बाहेर आहे ते मोजलं. डावीकडे दहा. उजवीकडे दहा. चौकटीवरचा चौदाचा आकडा वाचला. निमंत्रणपत्रिकेच्या मागे वजाबाकी केली.

"सहा मिलीमीटरने अडलीय," ती म्हणाली. मग एकेकाकडे बघितलं. "अडॅप्टर किती जाडीचा आहे?"

ताईने पडलेली चावी पायाने जरा बाजूला सारली.

"मी मोजू?"

"तीस," ताई म्हणाली.

"चिठ्ठीवर पंचवीस होतं."

"मी... सत्तावीस सांगितलं काकांना."

"का गं?"

"आई, कवळीचं प्लॅस्टिक भट्टीत आकसतं. आम्ही नेहमी थोडं वाढवूनच घेतो. हात तसाच चालला."

"धातू आकसतो?"

"नाही."

"बरं. मग सत्तावीसचे तीस कुणी केले?"

आईने लेथवाल्या काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. काका सत्काराला निघायच्या तयारीत होते. म्हणाले, "वहिनी, तीन मी ठेवले ना वर. लोक नंतर येतात आणि म्हणतात जरा कमी करा. कमी करता येतं हो. वाढवा म्हणाले तर मी धातू कुठून आणू?"

"आभारी आहे," आई म्हणाली. फोन ठेवला नाही. "तीस नि सत्तावीसचा हिशेब लागला, पंचवीसचा लागत नाही. पंचवीसचा अडॅप्टर असता तरी चाक पाच बाहेर आलं असतं." ती बाबांकडे वळली. "अहो, तुमचं खरं माप किती होतं?"

बाबा खिशातला रुमाल नीट करत होते. तो नीटच होता.

"अहो."

"माप मापच असतं," बाबा म्हणाले.

"किती?"

"चिठ्ठीवर सही आहे माझी."

"सही बघितली मी. आकडा विचारते."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जसा काही मी सुटकेचा मार्ग आहे. मग ताईकडे. ताई अजून भिंतीकडेच बघत होती, पण तिचे कान मागे होते, हे पाठमोऱ्या माणसाचंही दिसतं.

"माझी चूक आहे, बाबा," ती भिंतीला म्हणाली. "मी दोन वाढवायला नको होते. राहू द्या. तुम्ही बसने जा."

बाबांनी रुमाल खिशातून पूर्ण बाहेर काढला. कपाळ पुसलं.

"वीस," ते म्हणाले.

 फोनमधून काकांचा श्वास ऐकू येत होता.

"वीसच होतं. पाच मी माया सोडली. कोटाच्या शिवणीत जादा कापड सोडतो तशी." मग जरा आवाज चढवून, "चाळीस वर्षं सोडतोय! गिऱ्हाईक जाडं होतं! कुणी सांगून जाडं होतं का?"

"गाडी जाडी होत नाही," आई म्हणाली.

"झालीय की," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. एकदम तिघंही माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मी जॅक आणायला गेलो.

आईच म्हणाली, "औषधात माया सोडली असती, तर माझा वॉर्ड एका आठवड्यात रिकामा झाला असता," आणि तिने पुढचा हिशेब मांडला. चारही अडॅप्टर दहा-दहाने कमी करायला वेळ नाही. काका फोनवरून म्हणाले, एका अडॅप्टरला अर्धा तास. पण दोनच केले, एकाच बाजूचे, तर? डावी चाकं दहा आत. मग जास्तीचे दहाच उरतात, उजवीकडचे. दारात जागा चौदाची. चार शिल्लक.

"दोन-दोन मिलीमीटर बाजूला," ताई भिंतीकडून वळली. "बसेल. आई, बसेल!"

"आणि ती वाकडी दिसेल ती?" बाबा म्हणाले.

"दिसू दे," ताई म्हणाली. चावी उचलली.

डावीकडची दोन चाकं आणि दोन अडॅप्टर सहा मिनिटांत निघाले. ते पेपरात गुंडाळून मी स्कूटरवर बसलो, तर मागे कुणीतरी बसलं. सूट घातलेलं.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"माप माझं आहे. मीच सांगणार. चल."

सत्कारमूर्ती, मांडीवर दोन अडॅप्टर, त्यावर पेपर, पेपरवर ग्रीसचा डाग सुटाकडे हळूहळू सरकतोय. मी जन्मात इतकी सांभाळून स्कूटर चालवलेली नाही.

काकांची लेथ त्यांच्या घराखालीच. ते दारात उभे होते, सत्काराला घातलेल्या कोटात. बाबांनी अडॅप्टर त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, "वीस."

"वीस म्हणजे एकवीस करू ना?"

"वीस."

"तुम्ही वीस म्हणता म्हणजे तुमच्या मनात..."

"माझ्या मनात वीस आहे. ओठांत वीस आहे. चिठ्ठीवरही आता वीस समजा. तुम्ही एक जास्त ठेवलात तर तुमच्या कोटाची बाही मी उसवून नेईन."

काकांनी लेथचं बटण दाबायला हात पुढे केला. बाबांनी तो वरच्या वर पकडला. "कोट काढा आधी."

"अहो, दोन तर पीस आहेत."

"फिरत्या चाकात बाही गेली म्हणजे?"

काका जरा भावुक झाले. "माझ्या हाताची एवढी काळजी?"

"हात तुमचा. बाही माझी."

कोट काढून माझ्या अंगावर लटकवण्यात आला. काकांनी पाच बोल्ट ठोकून काढले, चकती लेथवर धरली, धातूचे लांब चकचकीत दोरे सुटायला लागले. बाबा एकटक बघत होते. कापडाचे दोरे निघतात तेव्हा बघतात तसेच. वीसवर आल्यावर काकांनी मशीन थांबवलं, नटांसाठीचे खळगे तेवढेच खोल केले, चाक मध्यावर बसवणारी कड पुन्हा कापली. बाबांनी टेप लावली. मग काकांच्या कॅलिपरने मोजलं. मग पुन्हा टेपने, कारण कॅलिपरवर त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता. वीस.

पावणेअकराला आम्ही परत. ताई जमिनीवर तयार बसलेली, हातात पाना. टक्. टक्. आई नट मोजून देत होती, एकेक, औषधाच्या गोळ्यांसारखे. अकराला पाच कमी असताना गाडी खाली उतरली आणि ताईने ती मागे घेतली.

या वेळी मला "ये, ये" म्हणायला दिलं नाही, ते बाबा म्हणाले. ते दाराबाहेर मधोमध उभे होते आणि त्यांच्या हाताच्या इशाऱ्यात एक गंमत होती. ते गाडीला बोलावत नव्हते, दगड आणि रबर यांच्यातली फट बघून ती जणू चिमटीत धरून ओढत होते. डावीकडे दोन. उजवीकडे दोन. मागची चाकं गेली. पुढची गेली. गाडी उन्हात आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी दार उघडलं, आत वाकून बघितलं. ती गाडी इतकी खाली आहे, की तिच्यात बसत नाहीत, ती अंगात घालतात. बाबांनी आधी एक पाय घातला, मग कंबर, मग काही वेळ काय घालायचं ते ठरवलं, मग डोकं घातलं. सुटाला चुणी पडली. ती त्यांना दिसली. त्यांनी पट्टा लावला.

आई आणि मी बसने निघालो, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या जरा आधीच पोचलो. कारण ताईने वाटेत थांबून नट पुन्हा आवळून बघितले होते. नवीन अडॅप्टर बसवल्यावर तसं करायचंच असतं. बाबांनी म्हणे रस्त्यात उभं राहून मागे येणाऱ्या सगळ्या वाहनांना हाताने थोपवलं होतं.

सभागृहाच्या पायऱ्यांवर संघटनेचे चाळीस-पन्नास लोक उभे होते. सगळे शिंपी. सगळ्यांचे कोट खांद्याला बसलेले. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी हिरवी स्पोर्ट्स कार समोर येऊन थांबली. आधी सगळ्यांच्या तोंडून कौतुकाचा एक आवाज निघाला. मग तो आवाज मध्येच थांबला.

पन्नास शिंपी. डावं चाक मडगार्डच्या बरोबरीला, उजवं दहा मिलीमीटर बाहेर. बाकी कुणाला वर्षभर दिसलं नसतं.

अध्यक्ष दोन पायऱ्या उतरून आले. गाडीसमोर उभे राहून त्यांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. "उजवी बाही लांब आहे," ते म्हणाले.

"अर्ध्या बोटाने," मागून कुणीतरी म्हणालं.

"अर्ध्याला जरा कमी."

ताई गाडीतून उतरलेली होती. दाराला धरून उभी राहिली. हे ज्या माणसाला दाखवायचं म्हणून तीन आठवडे झिजली, त्याच्या सगळ्या बिरादरीसमोर तिचं काम वाकडं उभं होतं. 

बाबा दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. त्याला वेळ लागतो. डोकं, कंबर, पाय. उभे राहिले, कोट खाली ओढला, आणि म्हणाले, "डावं माझ्या लेकीचं आहे. ते बरोबर आहे. उजवं माझ्या मापाचं. मी माया सोडली."

कुणीतरी म्हणालं, "गाडीला?"

"गाडीला," बाबा म्हणाले. "ही ट्रायल आहे. डिलिव्हरी मंगळवारी."

एकदम सगळे निवांत झाले. ट्रायल म्हटल्यावर मग विषय संपतो. ट्रायलमध्ये सगळं वाकडंच असतं. अध्यक्ष उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतःची टेप काढली. मग उपाध्यक्षांनी. मग सगळ्यांनी. एकाला मडगार्डची गोलाई फार आवडली, त्याला तिचा नमुना कागदावर घ्यायचा होता. लेथवाले काका मागून आले, ते म्हणाले, हे दोन मी केलेत, आणि कुणी त्यांचं ऐकलं नाही. ताई एकेकाला चार बोल्ट आणि पाच भोकं समजावून सांगत होती, आणि ती समजावत असताना बाबा शेजारी उभे राहून माना डोलावणाऱ्यांकडे बघत होते, आपण शिवलेला कोट चारचौघांत छान दिसताना शिंपी बघतो तसे.

सत्कार बारा वाजता सुरू झाला. बाबा पाच मिनिटं बोलले. त्यातली साडेतीन मिनिटं अडॅप्टरवर होती.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी आपली मोठी गाडी पुढे आणायला सांगितलं. "चला, सोडतो तुम्हाला. आरामात बसा, पाय लांब करून."

"नको," बाबा म्हणाले. "आमची गाडी आहे."

ताई चावी शोधायला लागली. पर्समध्ये बघितलं, खिशात बघितलं. चावी तिच्या हातातच होती, पण तिला ती दिसत नव्हती, आणि कुणी ते तिला सांगितलं नाही.

आई आणि मी बसने परत गेलो.